चौथा चौकोन

११ जानेवारी

केतकीचं ठरलं. मला कुणी सांगितलं नाही. कॉलेजातल्या रोहनच्या स्टेटसवर फोटो होता. हिरवी साडी, शेजारी दाढीवाला एक लंबू, दोघांच्या हातात नारळ. त्याचं नाव अभिजीत. फोटो बघताना माझ्या हातात थिनरचा डबा होता, तो पायावर सांडला. चपलेचा तळ सुटला. आत्ता लिहितोय तेव्हाही पायाची आग होतेय.

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. पण कुणाशी बोललो तर हात उचलीन, म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय कारण हैदराबादेतल्या ह्या शेडमध्ये मराठी कुणाला वाचता येत नाही. उमाजीमामा बोलतो मराठी, पण वाचायला लागला की दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं एकेक अक्षर वाचतो.

काय झालं होतं ते एकदा लिहून टाकतो. तिसऱ्या वर्षी मी तिला विचारलं. परीक्षेच्या हॉलबाहेर. ती म्हणाली, "शिवराज, आधी पेपर दे, घंटा झालीय." मी तिच्यासमोर हॉल तिकीट फाडलं आणि गेटबाहेर पडलो. वाटलं मागून हाक येईल. ती आत गेली. पेपर सोपा होता म्हणे. त्या दिवसापासून कॉलेज नाही, अंबरपेठेत मामाच्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग. म्हणजे माझं शिक्षण तिच्यामुळे सुटलं, आणि ती आता हिरवी साडी नेसून उभी आहे.

हे मी असं जाऊ देणार नाही.

१७ जानेवारी

देव आहे. तोही माझ्यासारखाच खुनशी असावा.

आज सकाळी एक निळी फियाट ढकलत आणली. ढकलणाऱ्यांत पुढे तो लंबू. स्टिअरिंगवर एक म्हातारा, पांढरा सदरा, गाडी बंद असून हॉर्न वाजवतोय. मागून ऑटो आली, तिच्यातून केतकी उतरली. मी फेंडरखाली होतो, तिथेच राहिलो असतो, पण तिने वाकून हाक मारली.

"शिवराज, बाहेर ये की. मीच सांगितलं यांना, इथे चला म्हणून. अभिजीत, फेस्टची ती गाडी यानेच रंगवली होती, आठवतंय मी म्हणाले होते?"

म्हणजे माझी ओळख पेंटर म्हणून करून दिली. त्याच्यासमोर.

अभिजीतने हात पुढे केला. माझ्या हाताला पुट्टी होती, तरी धरला आणि नंतर पुसलासुद्धा नाही. असल्या माणसांची मला चीड येते.

म्हातारे त्याचे वडील, एकनाथराव. चिक्कडपल्लीला राहतात. मामा त्यांना म्हणाला, "हौ साहेब, करून देऊ. नवरीसारखी करून देऊ गाडी."

"नवरी नको," एकनाथराव म्हणाले, "मला माझी जुनीच पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं. ह्या गाडीतून त्यांनी बायकोला बिदरहून लग्न करून, शेजारी बसवून आणलं. भाग्यलक्ष्मी नाव. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मधे गाडी मेव्हण्याकडे होती, त्याने पत्र्यापर्यंत खरवडून निळी केली. आता पोराच्या लग्नात सुनेला ह्याच गाडीतून घरी आणायचं, पण निळ्या नाही, पहिल्या रंगाच्या.

"पहिला कोणता होता?" मामाने विचारलं.

"साईचा."

"क्रीम बोले तो?"

"क्रीम काय असतं ते मला माहीत नाही. दूध तापवून गार केलं की वर जो येतो तो. ताक नाही, दूध नाही. साय."

फोटो आहे, तो काळा-पांढरा. मे महिन्यात लग्न. पत्रा बराच सडलाय, वेळ लागेल असं मामाने सांगितलं. तिघं ऑटोने गेले. जाताना केतकी म्हणाली, "बारीक झालायस." तिला काळजी असती तर त्या दिवशी हाक मारली असती.

गाडी आता माझ्या हातात आहे. संपूर्ण गाडी.

२ फेब्रुवारी

मामाशी वाजलं. अभिजीतने पीयू सांगितलंय, हार्डनर घालून मारायचं, वर्षानुवर्षं टिकणारं; मामाला जुना, स्वस्तातला एन.सी. मारायचा आहे. मामाच्या मते जगात रंग एकच, एन.सी. गनमधून सुटला की वाळला, माशी बसली तर उडता उडता सुटते. घासलं की आरसा.

"आणि दोन उन्हाळ्यांत खडू," मी म्हटलं.

"खडू तर खडू. पुन्हा घास, पुन्हा आरसा. तुझं पीयू फुटलं तर काय करतो? अख्खं सोलतो. दोन दिवस कॉलेजात जाऊन आला पोट्टा, मला रंग शिकवतो."

"तीन वर्षं जाऊन आलो."

"मग एक वर्ष अजून जायचं होतं ना बे."

मी स्प्रे गन फेकली असती, पण ती नवी आहे. त्याऐवजी एका भंगार गाडीचं बॉनेट पत्र्यावर चढवलं. शेडच्या पत्र्यावर दिवसभर ऊन. बॉनेट सगळं पांढरं करून घेतलं आणि टेप लावून चार चौकोन पाडले. पहिल्यात इनॅमल. दुसऱ्यात मामाचं लाडकं एन.सी. तिसऱ्यात गाड्यांचं बिनरंगी पीयू, हार्डनर मापून. चौथा रिकामा राहिला म्हणून त्यात मामीच्या देवघराच्या दाराला मारून उरलेलं लाकडाचं पीयू टाकलं. मामाला म्हटलं, बघू कोण टिकतो.

खरं कारण मामाला सांगितलं नाही. मला टिकणारा शोधायचा नाहीये. मला असा पाहिजे की लग्नाच्या दिवशी चमकेल आणि नंतर, सगळं गोडीगुलाबीत असताना, जाईल. लगेच गेला तर मामाचं नाव खराब, पुन्हा करून द्यावं लागेल. सावकाश गेला पाहिजे. नव्या संसारासोबत.

९ फेब्रुवारी

एकनाथराव रंगांचं शेड कार्ड बघायला आले. मामाने क्रीम, आयव्हरी, बिस्किट, काय काय दाखवलं. ते प्रत्येक रंग उन्हात धरायचे, सावलीत धरायचे, मान हलवायचे. "हा लोण्याचा झाला." "हा आजारी माणसाच्या नखाचा." मामा घामेघूम.

शेवटी मामा म्हणाला, "शिव्या, टाकीचं झाकण काढ रे. आतल्या बाजूला कधीकधी कंपनीचा रंग राहतो."

सगळे पेंटर हेच करतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून मिक्सिंगच्या दुकानात न्यायचं, तिथे मशीन रंग वाचून देतं. तळव्याएवढं असतं, खिशात मावतं.

मी मागे जाऊन दोन स्क्रू काढले. आत बिजागरीपाशी निळा पोहोचलाच नव्हता. तिथे पहिला रंग होता. मी रंगाच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो, तसा रंग कार्डावर नाही. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. म्हातारा खरं बोलत होता.

मी म्हटलं, "आत सगळा गंज आहे. काही दिसत नाही."

एकनाथरावांनी हात पुढे केला होता बघायला. मी झाकण खिशात टाकलं आणि म्हटलं, सडलंय, दुसरं बसवू. त्यांनी हात हळूच मागे घेतला.

"मग पांढरी करा," ते म्हणाले. "पांढरी चालेल."

जाताना ते गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला वाईट वाटलं नाही हे इथे लिहून ठेवतो. ज्याच्या पोराने माझं सगळं नेलं त्याला त्याचा रंग मी का द्यायचा.

२६ फेब्रुवारी

मिक्सिंगच्या दुकानात गेलो. एका नेक्सॉनचा बंपर घेऊन गेलो होतो, पण खिशात झाकणही होतं. दुकानवाल्याने मशीन टेकवलं, स्क्रीनवर मिश्रण आलं. पांढऱ्यात इवलासा पिवळा, त्याहून कमी लाल, आणि काळ्याचा एक थेंब. काळा का, तर त्याशिवाय तो जुना वाटत नाही म्हणे. छोट्या डब्यात करून घेतला.

झाकणाची बाहेरची बाजू घासून, प्रायमर, बेस, त्यावर गाड्यांचं क्लिअर, म्हणजे तेच बिनरंगी पीयू, सगळं नीट केलं. बघायचं होतं मला जमतं का. जमलं. आतली आणि बाहेरची बाजू एक झाली, बिजागरीपाशी जोड सापडत नाही.

माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवलंय. त्यांचा रंग अख्ख्या हैदराबादेत फक्त माझ्याकडे आहे, आणि त्यांना माहीत नाही. हे बरं वाटतं. जेवताना आठवलं तरी बरं वाटतं.

२३ मार्च

सापडला.

पत्र्यावर बॉनेट बघायला चढलो. चटके बसत होते. इनॅमल मंद झालंय, धूळ चिकटलीय. एन.सी.वर बोट फिरवलं तर बोट पांढरं. मामाला दाखवलं तर म्हणे, "तुझ्या बोटालाच काहीतरी आहे." तिसरा चौकोन जसा मारला तसा, त्याच्यात ढग दिसतो.

आणि चौथा पिवळा पडायला लागलाय. जेमतेम. शेजारी तिसरा नसता तर कळलंही नसतं.

लाकडाच्या पीयूवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "हे घरातलं आहे अन्ना, डब्यावर लिहिलंय की. बाहेर लावलं तर पिवळं होतं, मग काळवंडतं, मग तडकतं."

"किती दिवसांत?"

"तुमच्या उन्हावर आहे."

आमचं ऊन चांगलं आहे. डबा घेऊन आलो.

१४ एप्रिल

केतकी आली होती. एकटी. गाडी प्रायमरमध्ये होती, करडी. ती भोवती फिरली, मग स्टुलावर बसली.

"मी तुला लिंक पाठवली होती. जुन्या बॅचला पेपर द्यायला एक शेवटची संधी दिलीय. बघितलीस?"

"नाही."

"ब्लॉक केलंयस का मला?"

"हौ."

ती हसली. असं हसते की समोरच्याला वाटतं आपणच काहीतरी विनोद केला. "मग रोहनकडून घे. त्याच्याकडे आहे. माझ्या नोट्सही ठेवल्यात तुझ्यासाठी, लग्नानंतर सामान हलवताना फेकल्या जातील, त्याआधी घेऊन जा."

लग्नानंतर. किती सहज म्हणाली. बसचा संप होता तेव्हा माझ्या बाईकवर दिलसुखनगरपर्यंत बसून आली होती, तेव्हाही अशीच सहज खांद्यावर हात ठेवला होता. तो हात मी दोन वर्षं विसरलो नाही आणि ती नोट्स देतेय.

विचारलं, "अभिजीतमध्ये असं काय आहे?"

तिने जरा विचार केला. "ऐकतो," म्हणाली. "मी बोलत असले की ऐकतो."

मीही ऐकत होतो की. मला तिचं प्रत्येक वाक्य पाठ आहे.

२२ एप्रिल

झालं.

काल बेस मारला. पांढरा. आज क्लिअर. मामा सकाळीच म्हणाला, "आज गन तू धर. तुझ्या दोस्तीतली गाडी आहे." त्याचा हात अलीकडे जरा कापतो, तो कबूल करत नाही. मी आधीच गाड्यांच्या क्लिअरचा डबा रिकामा करून त्यात लाकडाचं पीयू भरून ठेवलं होतं. वासाने पकडलं असतं दुसऱ्या कुणी, पण मामाचं नाक थिनर ओढून ओढून कधीच गेलंय. मामीने फोडणी जाळली तर त्याला धूर बघून कळतं.

जमिनीवर पाणी मारलं. पंखे बंद. टपापासून सुरुवात केली. मनगट मोडायचं नाही, श्वास पट्ट्याच्या शेवटी घ्यायचा. एक थेंब ओघळला नाही. दारांच्या कडा, खिडक्यांखालची बारीक पट्टी, वायपरच्या खालचा कोपरा जो कुणी बघत नाही, सगळं. भंगारातून आणून बसवलेलं झाकणसुद्धा. कुणाला शंका यायला नको म्हणून आयुष्यात केलं नाही इतकं नीट काम केलं. मधे मधे मी विसरूनच गेलो होतो की हे कशासाठी चाललंय.

मास्क काढला तेव्हा मामा मागे उभा होता. किती वेळ कोण जाणे. "तुझ्या आईला फोन करतो," एवढंच म्हणाला आणि आत गेला. आईला फोन कशाला ते कळलं नाही. मग ऐकू आलं, "अक्का, पोरगा वाया नाही गेला गं तुझा."

जेवलो नाही.

४ मे

गाडी नेली. मामाने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, मागच्या काचेवर आपल्या शेडचा स्टिकर लावला. सहसा तो स्टिकर कोपऱ्यात लावतो. आज मधोमध लावला.

अभिजीत सारखा म्हणत होता, "काय काम केलंय यार." मला यार म्हणाला. केतकीने दाराला नाक लावलं. "नव्या कपाटासारखा वास येतोय."

मामा म्हणाला, "चांगल्या पीयूचा वास असाच असतो बेटी."

एकनाथराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. "छान झालीय," ते म्हणाले. "पांढरी आहे. छान आहे." पाहुण्याकडचा चहा फिका असला की म्हणतात तसं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, वाईट वाटून घेऊ नकोस. रंग सापडला नाही त्याला तू काय करणार."

टूलबॉक्स माझ्या पायाशी होता. त्याच्यात झाकण.

९ मे

लग्न. मला पत्रिका होती, गेलो नाही. कार्यालयाच्या समोरच्या पानटपरीवर उभा होतो. फियाट बाहेर आली, झेंडूने मढवलेली, चालवायला एकनाथराव स्वतः. मागे ती. उन्हात गाडीकडे बघवत नव्हतं इतकी पांढरी.

टपरीवाला म्हणाला, "क्या गाडी है."

मी म्हटलं, "दिवाळी तक देखो."

१२ जून

चिक्कडपल्लीवरून गेलो. तसं तिकडे काही काम नव्हतं. गाडी बिल्डिंगच्या भिंतीला लागून, उघड्यावर. वर कव्हर नाही. पांढरी.

२० जुलै

पाऊस तीन दिवस नव्हता, म्हणून पुन्हा गेलो. टपाचा आणि बॉनेटचा रंग बदललाय. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल. मी रस्त्यापलीकडे उभा राहून उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास.

वरच्या गॅलरीत केतकी कपडे वाळत घालत होती. तिने मला बघितलं नाही. अभिजीत कामाला बंगळूरला असतो म्हणे, शनिवारी येतो. रोहनने सांगितलं. रोहनला वाटतं मला हे ऐकून बरं वाटेल. वाटलं.

मधेच एकनाथराव खाली आले. गाडीभोवती फिरले, टपावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग दार उघडून आत बसले, तसेच, गाडी सुरू न करता. मला वाटलं, आता कळलं ह्यांना. आता येतील भांडायला. मामाला काय सांगायचं ते घरी येईपर्यंत ठरवून ठेवलं. २८ जुलैला खाली जोडतोय: आठ दिवस वाट बघितली. कुणी आलं नाही.

६ सप्टेंबर

आज आले.

मी क्रेटाच्या दारावर पुट्टी घासत होतो. हॉर्न ओळखला. फियाट थेट शेडमध्ये, एकनाथराव चालवतायत, शेजारी केतकी. मी पाना हातात घेतला. का घेतला माहीत नाही.

एकनाथराव उतरले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "पोरा, हे काय केलंस तू?"

मामा आतून धावत आला. मी पाना घट्ट धरला.

"मला वाटलं माझे डोळेच गेले," एकनाथराव म्हणाले. "रोज सकाळी खाली येऊन बघायचो. मे महिन्यात ताक होती. पावसात दूध झाली. म्हटलं भास आहे. केतकीला विचारलं तर ती म्हणे, बाबा, मळलीय, धुऊ या. धुतली. तशीच. आणि मागच्या गुरुवारी खाली आलो तर..." त्यांनी गाडीकडे हात केला.

मी पहिल्यांदा गाडीकडे बघितलं. दारातून ऊन तिच्यावर येत होतं.

साय होती.

"उन्हात पिकणारा रंग दिलास ना?" ते म्हणाले. "कार्डावर मिळाला नाही म्हणून असा दिलास. मुद्दाम."

"हौ," मी म्हटलं. "मुद्दाम."

मामाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच छाती पुढे काढली. "आमच्या शेडचा खास हात आहे साहेब तो. लगेच नाही दिसत."

एकनाथरावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या केसांत पुट्टीची भुकटी होती, ती त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला लागली. केतकी म्हणाली, "जेवण झालं की रोज खाली जाऊन बसतात गाडीत. त्यात रेडिओसुद्धा नाहीये. मी एकदा विचारलं, काय करता बाबा बसून. म्हणाले, डावीकडे बघतो."

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. मागच्या दाराला कुणाची तरी सायकल घासून बारीक ओरखडा पडला होता. तेवढा भरून द्यायचा. "पण हाच रंग पाहिजे," एकनाथराव म्हणाले. "तुझ्याकडे असेलच."

"वर आहे, आणतो," असं म्हणून मी पत्र्यावर चढलो. वर काही नव्हतं. मला फक्त तिथून निघायचं होतं.

बॉनेट तिथेच होतं. पावसाळाभर मी ते बघितलंच नव्हतं. तिसरा चौकोन पांढरा, पाण्याचे थेंब वाळल्याचे डाग तेवढे. चौथा चहा सांडून वाळल्यासारखा तपकिरी. त्याच्यावर भेगा. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाला पडतात तशा. नखाने उचकटलं तर पापुद्रा निघून हातात आला, खालचा पांढरा उघडा पडला. हे बॉनेट त्या गाडीच्या अडीच-तीन महिने पुढे आहे. म्हणजे ही साय आत्ताआत्तापुरती आहे. दसऱ्याला पिवळी, दिवाळीला हा रंग, संक्रांतीला हे पापुद्रे.

मी मागितलं होतं तसंच होणार आहे. संसार गोडीत असताना, सावकाश. मी फक्त गप्प बसायचं आहे, बाकी सगळं ऊन करेल. इतके महिने ह्या दिवसाची वाट बघत होतो, आणि ज्याच्यासाठी केलं तो बंगळूरला बसलाय, त्याला गाडी कोणत्या रंगाची आहे हेही धड सांगता येणार नाही. खाली उभा आहे तो म्हातारा. तो रोज सकाळी खाली येऊन बघणार.

मामाने खालून हाक मारली, "शिव्या, झोपला का वर?"

पापुद्रा खिशात टाकून उतरलो. म्हटलं, ह्या रंगाचा साठा संपलाय, ओरखडा पुढच्या वेळी भरू, घाई नाही. एकनाथराव म्हणाले, घाई कसली, सायीला ओरखडा शोभतो. मामा त्यांना चहाला आत घेऊन गेला.

मी टूलबॉक्समधून झाकण काढलं. बरेच दिवस बघितलं नव्हतं. फडक्याने पुसून गाडीच्या मागच्या पत्र्याला लावून धरलं. उन्हात धरलं, मग गाडीच्या सावलीत धरलं, ते धरायचे तसं. फरक दिसला नाही.

भंगारातलं झाकण काढलं, त्यांचं बसवलं. दोन स्क्रू. एक घट्ट बसेना म्हणून वॉशर घातला.

"काय करतोयस?" केतकी मागे उभी होती, हातात दोन कप. एक माझा.

"झाकण ढिलं होतं."

"आधी नाही दिसलं."

"आता दिसलं."

तिने कप दिला. झाकणावर बोट ठेवलं, मग शेजारच्या पत्र्यावर. "नोट्स आणल्यात," म्हणाली. "डिकीत आहेत. आज तरी घे, नाहीतर बाबा त्यावर पेट्रोलचा डबा ठेवतात."

घेतल्या. तीन जाडजूड बाइंडर. वरती माझं नाव लिहिलंय, तिच्या अक्षरात, चुकून शिवराजच्या ऐवजी शिवराव. मला तिचा राग आला, नेहमीसारखाच, पण तो आला तसा चहा संपेपर्यंतच राहिला. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

ते गेले. मामा अजून खास हाताबद्दल बोलतोय, त्याच्या ओळखीत आणखी दोन जुन्या गाड्या आहेत म्हणे, तोच रंग द्यायचा. त्याला उद्या सांगेन. पापुद्रा दाखवून सांगेन. तो मारेल. मारू दे.

एकनाथरावांना आज सांगता आलं नाही. पण झाकण गाड्यांच्या पीयूचं आहे, ते बदलणार नाही. बाकीची गाडी बदलेल. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी ते खाली येतील आणि त्यांना तळव्याएवढी साय दिसेल, आणि तिच्याभोवती मी काय केलं ते दिसेल. रंग ओळखणारा माणूस आहे, त्याला समजावून सांगावं लागणार नाही. मग ते गाडी घेऊन इथे येतील.

आले की मी इथे असायला हवं. सायीचं ते मिश्रण दुकानवाल्याच्या मशीनमध्ये असेल अजून. उद्या विचारून येतो.